सिरॅमिक ट्यूबच्या हीट एक्सचेंजरवर काम करणार असाल तर ट्यूबची टोकं आधी बघा

हीट एक्सचेंजर म्हणजे एका प्रवाहाची उष्णता मधल्या भिंतीतून दुसऱ्या प्रवाहाला देणारं यंत्र. या कामात आलो तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या ट्यूबमधून उष्णता भराभर जाते म्हणून ती वापरतात. आकडे पण पाठ होते, सिंटर्ड (पूड दाबून, भाजून घट्ट केलेल्या) सिलिकॉन कार्बाइडची थर्मल कंडक्टिव्हिटी, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता, १०० वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या वर आणि स्टेनलेस स्टीलची १५-१६. पहिलं काम मिळालं ते भट्टीच्या रिक्युपरेटरचं, म्हणजे एका बाजूने चिमणीकडे जाणारा गरम फ्लू गॅस, दुसऱ्या बाजूने बर्नरला जाणारी हवा, आणि मी उत्साहाने हिशोब मांडला. ५ मिमी जाडीच्या भिंतीचा रेझिस्टन्स, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, आला ०.००००५, आणि गॅसच्या फिल्मचा (भिंतीला चिकटून असलेल्या पातळ थराचा), उष्णता देण्याचा कोएफिशंट ५० धरून, ०.०२. म्हणजे ४०० पट! भिंत स्टीलची असती तरी उष्णता जवळपास तेवढीच गेली असती. गॅस-गॅसच्या कामात सिरॅमिक घेतात ते तापमान आणि गंज सोसतं म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं. कंडक्टिव्हिटीचा खरा फायदा होतो तो दोन्हीकडे लिक्विड असेल तेव्हा, जसं गरम ॲसिड आणि पाणी, कारण तिथे फिल्मचे कोएफिशंट हजारांत असतात आणि भिंत मोजण्यात येते. हा हिशोब नव्या माणसाने स्वतः हाताने एकदा तरी करावाच, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी.

आता मुद्द्याचं. ट्यूब स्वतः फार सोशिक असते, त्रास देतात तिची टोकं, जिथे ती धातूच्या ट्यूबशीटला (ट्यूबची टोकं बसवायच्या भोकांच्या प्लेटला) भेटते. सिलिकॉन कार्बाइडचं प्रसरण साधारण ४ ते ४.५ मायक्रॉन प्रति मीटर प्रति डिग्री, स्टेनलेसचं १६-१७. २ मीटर लांब ट्यूब ८०० डिग्रीने तापली तर ६-७ मिमी वाढते, तेवढंच तापलेलं स्टेनलेस असतं तर २५ मिमीच्या पुढे गेलं असतं. शेल म्हणजे बाहेरचं कवच वेगळं वाढतं, ट्यूब वेगळी वाढते, प्रत्येक ट्यूब पण शेजारणीइतकी तापेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येकीला आपापलं सरकता आलं पाहिजे आणि तरी गळती नको. ही दोन मागण्यांची ओढाताण म्हणजेच या एक्सचेंजरचं अर्धं डिझाइन आहे असं माझं मत आहे. गॅसच्या कामात सिरॅमिक फायबरचं पॅकिंग किंवा स्प्रिंगने दाबलेला जॉइंट असतो, लिक्विडला ओ-रिंग.

माझ्यासमोर एकदा एका शटडाऊननंतर दोन ट्यूब तुटलेल्या सापडल्या. सगळे म्हणाले थर्मल शॉक, भट्टी घाईने थंड केली असणार. मीही मान डोलावली. पण तुकडे बघितले तर चीर गोल रिंगसारखी होती आणि दोन्ही ट्यूबमध्ये अगदी ट्यूबशीटच्या तोंडाशीच. मग कळलं की आधीच्या मेंटेनन्सला हवा गळत होती म्हणून ग्लँड (टोकाचं पॅकिंग दाबून धरणारे भाग) करकचून आवळले होते, गळती थांबली, पण ट्यूब जखडली गेली, आणि वाकवायचा ताण आला तो टोकाशी. सिरॅमिक दाबाला दणकट असतं पण ताणाला आणि वाकण्याला अजिबात दयामाया नाही, स्टीलसारखं आधी वाकून सूचना देत नाही. म्हणून तुटलेले तुकडे कधीही झाडून फेकू देऊ नका, कुठल्या जागेवरची ट्यूब, कुठल्या बाजूचा तुकडा, हे लिहून ठेवा, चीर कुठून सुरू झाली ते तुकडाच सांगतो.

दुसरा धडा मला जास्त महाग पडला. एका रिक्युपरेटरचा फ्लू गॅस अपेक्षेपेक्षा थंड बाहेर पडत होता आणि आम्ही खूष, म्हटलं रिकव्हरी झकास चाललीय. हवेची बाजू मात्र तेवढी तापत नव्हती. मग एक्सचेंजरच्या आधी आणि नंतर फ्लू गॅसमधला ऑक्सिजन मोजला, ३ टक्क्यांचा ५ टक्के झाला होता! हवेचं प्रेशर जास्त असतं त्यामुळे गळती हवेकडून गॅसकडे होते, आणि ३ चे ५ व्हायला गॅसच्या सुमारे साडेबारा टक्के हवा आत घुसावी लागते. गॅस थंड दिसत होता तो गार हवा मिसळल्यामुळे. तेव्हापासून मी फक्त एका बाजूच्या तापमानावर कधीच विश्वास ठेवत नाही, दोन्ही बाजूंचा हीट बॅलन्स (एकीकडून गेलेली उष्णता दुसरीकडे मिळाली का हा हिशोब) आणि ऑक्सिजन, हे आधी.

मटेरियलबद्दल थोडक्यात. नुसतं सिलिकॉन कार्बाइड म्हणून भागत नाही, रिॲक्शन बॉंडेड (वितळलेलं सिलिकॉन आत मुरवून बनवलेल्या) प्रकारात मोकळं सिलिकॉन शिल्लक असतं, ते १४१४ डिग्रीला वितळतं आणि कॉस्टिक सोडा त्याला खातो, सिंटर्डमध्ये ते नसतं. आणि उष्ण हवेत ट्यूबवर सिलिकाचा पातळ थर बसतो तो तिचं रक्षण करतो, पण फ्लू गॅसमध्ये सोडियमचे क्षार असतील तर तो थरच विरघळायला लागतो, त्यामुळे भट्टीत काय वितळवतात हे विचारल्याशिवाय मटेरियल ठरवू नका.

ॲसिडच्या कामात वॉटर हॅमरची भीती धरा, व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की बसणारा धक्का स्टील पचवतं, सिरॅमिक नाही. ट्यूब फुटली तर कोण कुणात जाईल हे आधीच ठरवावं लागतं, कूलिंग वॉटरच्या आउटलेटला पीएच किंवा कंडक्टिव्हिटी मीटर हवाच, आणि पाण्याचं प्रेशर जास्त ठेवलं तर पाणी ॲसिडमध्ये शिरेल, तीव्र सल्फ्युरिक असेल तर ते भयंकर तापतं, म्हणजे सरसकट नियम नाही.

शिकायचं काय तर, मेकॅनिकल असो की केमिकल, हीट ट्रान्सफर सगळ्यांना असतंच, त्यात रेडिएशनचा भाग सहसा घाईत उरकतात तो नीट करा, १००० डिग्रीच्या गॅसला त्याच्याशिवाय हिशोबच नाही. आणि वायबुल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे ठिसूळ वस्तूंच्या ताकदीत किती फरक पडतो आणि त्या तुटायची शक्यता किती याचा हिशोब. एकाच बॅचच्या ट्यूबची ताकद पण एकसारखी नसते, म्हणून सरासरी आकड्यावर डिझाइन करायचं नसतं, सगळ्यात कमजोर ट्यूब धरून चालायचं, हे धातूवर वाढलेल्या माणसाला पचायला वेळ लागतो, मला तर वर्ष गेलं.

पहिले काही महिने ड्रॉइंगपेक्षा असेंब्लीला उभे राहा. ट्यूब बसवण्याआधी हलकेच लाकडाने ठोकून बघतात, चांगली ट्यूब खणखणीत वाजते, चीर असलेली बद्द. कान तयार व्हायला पन्नासेक ट्यूब लागतात, त्या स्वतः ठोका.