पॉलिहाऊसच्या छतावर पाणी साचून झोळ पडत होता, तो असा गेला

कोथरूडला गच्चीवर 10 बाय 8 फुटांचं पॉलिहाऊस, म्हणजे झाडांसाठी पाइपच्या सांगाड्यावर प्लास्टिक ताणून केलेलं घर, आहे. जुलैच्या झडीत छताला झोळ पडे, पाणी साचे, पाइप वाकत. चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 100 किलो! बांबूचा टेकू दिला, प्लास्टिक नेमकं तिथेच फाटलं. दोन पावसाळे नुसता वैताग.

यंदा मे महिन्यात आधी प्लास्टिक उतरवलं. मधला पाइप 2 फूट उचलून सपाट छताला दोन्हीकडे उतार दिला. उताराचे पाइप 4 ऐवजी 2 फुटांवर घेतले. मग 200 मायक्रॉन जाडीचं यूव्ही (उन्हाला टिकणारं) प्लास्टिक भर दुपारी ताणून झिगझॅग स्प्रिंगने, म्हणजे नागमोडी तारेने, पाइपवरच्या खाचेच्या पट्टीत बसवलं. उन्हात ते सैलावतं, गार झाल्यावर आणखी ताठ होतं. सकाळी बसवलं असतं तर पुन्हा झोळच. खांब सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्यांत रोवले, गच्चीला भोक पाडलं नाही.