चालू व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसर जोडला, पण तो कामाला लागला का?

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. आमची कामं व्हर्च्युअल मशीनवर चालतात, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकांवर. खाली 'मशीन' म्हणतो ते हेच. गळीत हंगामात मशीन बंद करायची सोय नसते. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं थांबलं तरी उसाच्या ट्रॉल्यांची रांग गेटातून डांबरी रस्त्यावर येते, आणि मग शेती विभागापासून सगळ्यांचे फोन माझ्याच खिशात वाजतात. म्हणून मशीन चालू ठेवून प्रोसेसर वाढवायचं शिकलो. पहिल्यांदा फसलो, ते आधी सांगतो.

पंधरवड्याची ऊसबिलं काढायची रात्र होती. मशीनला ४ प्रोसेसर, लोड (चालू आणि ताटकळलेल्या कामांचा आकडा) ११ वर. घरूनच आज्ञा दिली, ४ चे ८ केले. कुठलीही तक्रार आली नाही, म्हणून लॅपटॉप मिटून आडवा झालो. दीडच्या सुमाराला काट्यावरनं फोन: "सायेब, स्लिप निघंना झालीया." उठून बघतो तर जुने चार प्रोसेसर घामाघूम आणि नवे चार रिकामे. म्हणजे जणू दुसरा काटा उभारला होता, पण त्यावर माणूस बसवायचा राहिला होता.

आता रात्रपाळीला नवीन पोरगा आलाय, त्याला सांगतो तसंच लिहितो. आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्यात, टंकताना इंग्रजी अक्षरं वापरायची.

पहिलं काम हंगामाच्या आधीचं. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) लिबव्हर्ट (ती मशीन सांभाळायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर प्रत्येक मशीनचे दोन आकडे असतात: आत्ता किती प्रोसेसर आणि जास्तीत जास्त किती. लिबव्हर्टची 'व्हर्श व्हीसीपीयूकाउंट' ही आज्ञा दोन्ही दाखवते. कमाल आकडा चालू मशीनवर बदलत नाही. तो 'सेटव्हीसीपीयूज' या आज्ञेला 'मॅक्सिमम' (कमाल) आणि 'कॉन्फिग' (मशीनच्या साठवलेल्या नोंदीत) लावून लिहून ठेवायचा, आणि मशीन पूर्ण बंद करून परत चालू केल्यावरच तो लागू होतो. आतून रीबूट मारून भागत नाही, इथं बरेच जण अडकतात. आम्ही हे ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत उरकतो: कमाल ८, सुरुवात ४. केव्हीएमऐवजी व्हीएमवेअर असेल तर 'सीपीयू हॉट ॲड'ची (चालू मशीनला प्रोसेसर जोडायच्या परवानगीची) खूणही मशीन बंद असतानाच करता येते. पण सरसकट सगळ्या मशीनना ती करू नका. जुन्या आवृत्त्यांत ती केली की मशीनला नुमाची रचना (कुठली मेमरी कुठल्या प्रोसेसरजवळ आहे) दिसत नाही, आणि मोठ्या डेटाबेसला ते बाधतं.

दुसरं, प्रोसेसर खरंच कमी पडतोय का ते बघा. मशीनच्या आत 'टॉप' (प्रोसेसरचा वेळ कुठं जातोय ते दाखवणारी आज्ञा) उघडा. 'डब्ल्यूए' चढलेला असेल तर मशीन डिस्कची वाट बघतंय. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कसाठी अडकलेली कामंही मोजली जातात, त्यामुळे नुसत्या लोडच्या आकड्यावर भरवसा नको. 'एसटी' चढलेला असेल तर खालच्या होस्टवरच गर्दी आहे. तिथं आणखी प्रोसेसर देणं म्हणजे एकाच भाकरीचे जास्त तुकडे करणं.

मग जोडणी. आमच्या मशीनचं नाव काटा, म्हणून 'व्हर्श सेटव्हीसीपीयूज काटा ८', पुढं 'लाइव्ह' (आत्ता चालू मशीनला) आणि 'कॉन्फिग' दोन्ही. नुसतं 'लाइव्ह' दिलंत तर पुढच्या वेळी मशीन बंद करून चालू केल्यावर परत ४ दिसतील.

माझी चूक इथं झाली होती. होस्टनं प्रोसेसर दिला म्हणजे आतल्या लिनक्सनं तो वापरायला घेतला असं नाही. आत जाऊन 'एलएससीपीयू' (प्रोसेसरची यादी देणारी आज्ञा) मारा. त्या रात्री ऑनलाइन यादीत ०-३ होते आणि ऑफलाइन यादीत ४-७. आमचं लिनक्स डेबियन जातीचं, आणि त्यात आपोआप ऑनलाइन करायचा नियमच नव्हता. 'सिस' फोल्डरमधल्या 'डिव्हायसेस', 'सिस्टीम', 'सीपीयू' या वाटेनं गेलं की प्रत्येक प्रोसेसरचं एक फोल्डर असतं, त्यात 'ऑनलाइन' नावाची फाइल. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन तिच्यात १ लिहायचा, चारही प्रोसेसरना एकेक करून. शून्य क्रमांकाच्या फोल्डरात ही फाइल बहुतेक नसतेच, घाबरू नका. रोजची कटकट नको असेल तर यूडेव्हचा (नवं हार्डवेअर दिसलं की काय करायचं ते ठरवणारा लिनक्सचा भाग) एका ओळीचा नियम टाका: सीपीयू नवीन आला आणि त्याचा ऑनलाइन ० असेल तर १ कर.

एवढं करून स्लिपा सुरळीत निघू लागल्या, बिलं मात्र तशीच रडत होती. बिलांचा प्रोग्राम जावाचा. तो सुरू होताना प्रोसेसर मोजतो आणि तेवढेच कामगार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उभे करतो. सकाळी चार मोजले होते, रात्री आठ झाल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. नुसती ती सेवा रीस्टार्ट केली, मशीन नाही. पोस्टग्रेस डेटाबेसचं जरा बरं असतं. त्याच्या प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस असल्यामुळे नवे प्रोसेसर लगेच वापरात येतात. पण एकाच क्वेरीला समांतर हात किती द्यायचे हे सेटिंगमधल्या आकड्यांवर ठरतं. त्यातला 'मॅक्स पॅरलल वर्कर्स' रीलोडनं (सेवा न थांबवता) बदलतो, 'मॅक्स वर्कर प्रोसेसेस'ला रीस्टार्ट लागतो.

तरीही एखादी सेवा पहिल्या चारांतच घुटमळत असेल तर कुणीतरी तिला ठरावीक प्रोसेसरना बांधून ठेवलंय. असं बांधायच्या सोयी तीन ठिकाणी बघा: 'टास्कसेट', सिस्टीमडीतलं 'सीपीयू ॲफिनिटी', डॉकरचं 'सीपीयूसेट' तपासा. आमच्याकडं तो 'कुणीतरी' मीच निघालो. दोन हंगामांपूर्वी छपाईच्या सेवेला ०-३ वर डांबलं होतं आणि विसरलो होतो.

प्रोसेसर काढताना उलट क्रम: आधी आतून 'ऑनलाइन'मध्ये ०, मग होस्टवरून आकडा कमी. चालू मशीनला नंतर जोडलेले प्रोसेसर निघतात, मशीन सुरू होताना असलेले सहसा निघत नाहीत. विंडोज सर्व्हर असेल तर चालू मशीनमधून प्रोसेसर काढायचा विचारच सोडा. कोअरमागं पैसे घेणारा डेटाबेस असेल तर जोडायच्या आधी लायसनचा कागद बघा.

मी स्वतः हंगामात काढायच्या भानगडीत पडत नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की दुसऱ्या दिवशी मशीन नीट बंद करतो, आकडा चारवर आणतो, आणि यूडेव्हचा नियम जागेवर आहे ना ते बघून परत चालू करतो.