डब्ल्यूएफएममध्ये नव्याने येताय? आधी अर्ध्या तासाचं गणित समजून घ्या

कॉल सेंटरच्या फ्लोअरवर कुणालाही विचारा, डब्ल्यूएफएम म्हणजे काय? उत्तर येईल: ब्रेक नाकारणारे, सुट्टी अडवणारे, आणि ऑक्समध्ये, म्हणजे कॉल न घेण्याच्या स्टेटसवर, दोन मिनिटं जास्त झाली की मेसेज टाकणारे लोक. पुण्यात या कामात बरीच वर्षं काढल्यावर हे ऐकून मला अजून वाईट वाटतं, कारण डब्ल्यूएफएम, म्हणजे वर्कफोर्स मॅनेजमेंट, कुठल्या वेळी किती माणसं लागतील हे ठरवण्याचं काम, नीट झालं तर सगळ्यात जास्त फायदा त्याच फ्लोअरवरच्या माणसाचा होतो. त्याला सलग आठ तास एकामागून एक कॉल घ्यावे लागत नाहीत, आणि पुढच्या आठवड्याची वीक ऑफ कधी आहे हे त्याला आज कळतं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

येण्याचा रस्ता बहुतेकांचा सारखाच असतो. आधी एजंट म्हणून वर्ष-दीड वर्ष, मग आयजेपी, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठीची जागा, निघते आणि आरटीए म्हणून निवड होते. आरटीए म्हणजे रिअल टाइम अॅनालिस्ट, आजचा दिवस सांभाळणारा. त्यानंतर शेड्युलर, म्हणजे पुढच्या आठवड्यांचं रोस्टर लावणारा. मग फोरकास्टर, म्हणजे किती कॉल येतील याचा अंदाज बांधणारा, आणि पुढे कपॅसिटी प्लॅनर, जो सहा महिन्यांनी किती भरती लागेल हे सांगतो. डिग्री कुठलीही चालते. एक्सेल मात्र हाताला लागलेलं हवं.

आता मुद्द्याचं. हे सगळं काम ज्या सूत्रावर उभं आहे ते शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. आग्नर क्रारूप एर्लांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचा. कॉल कधी येतील हे कुणाच्या हातात नाही, मग एक्स्चेंजला किती लाइन आणि किती ऑपरेटर ठेवायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याचा पहिला निबंध 1909 चा, आणि आज आपण वापरतो ती सूत्रं 1917 ची. हातातलं सॉफ्टवेअर नाइसचं असो, व्हेरिंटचं असो की जेनेसिसचं, आत याच विचाराचा वारसा आहे.

एक उदाहरण कागदावर करून बघा. अर्ध्या तासात 100 कॉल येणार आहेत आणि एएचटी, म्हणजे बोलणं आणि नंतरची नोंद धरून एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, 180 सेकंद आहे. काम झालं 18,000 सेकंदांचं. अर्ध्या तासात सेकंद 1,800. म्हणजे 10 माणसांचं काम. नवखा म्हणतो, मग 10 माणसं बसवा. पण कॉल रांगेत उभे राहून शिस्तीत येत नाहीत. एका मिनिटात सात येतात, पुढच्या मिनिटात एकही नाही. 10 माणसांवर क्यू, म्हणजे थांबलेल्या कॉलची रांग, वाढतच जातो. एर्लांगच्या सूत्राने, 11 बसवली तर 20 सेकंदांच्या आत उचलले जाणारे कॉल जेमतेम 39 टक्के, आणि सरासरी थांबणं दोन मिनिटांच्या वर. 12 वर 64 टक्के. 13 वर 80 ला किंचित कमी. 14 वर थेट 89 टक्के, आणि सरासरी थांबणं फक्त 8 सेकंद.

या आकड्यांकडे थोडा वेळ बघत बसा. 11 वरून 12 वर जाताना एका माणसाने पंचवीस टक्के फरक पडला. 14 नंतर पंधरावा माणूस बसवून मिळेल ते अगदी थोडं. म्हणून 'एक माणूस दहा मिनिटं उशिरा आला तर काय बिघडलं' या प्रश्नाचं उत्तर कुठला अर्धा तास यावर ठरतं. काही अर्ध्या तासांत काहीच बिघडत नाही. आरटीएने ते ओळखून तिथे मोकळेपणाने ब्रेक द्यावा. ज्याला हे गणित कळतं तो सरसकट नाही म्हणत नाही.

बहुतेक मोठ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एकेका क्लायंटच्या कामात, सर्व्हिस लेव्हलचं टार्गेट 80/20 असतं, म्हणजे 80 टक्के कॉल 20 सेकंदांत उचलायचे. समजा, वरच्या उदाहरणात आपण 14 माणसं ठरवली. ती 14 खुर्चीवर, हेडसेट घालून हवीत. रोस्टरवर किती लावायची? सुट्ट्या, आजारपण, ट्रेनिंग, टीम मीटिंग, ब्रेक हे सगळं धरून 30 टक्के श्रिंकेज, म्हणजे कॉलसाठी न मिळणारा वेळ, असेल तर 14 ला 1.30 ने गुणायचं नाही. तसं केलं तर 18 येतात, आणि 18 मधून 30 टक्के गेले की खुर्चीवर उरतात साडेबारा. 14 ला 0.70 ने भागायचं, 20 येतात. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रत्यक्षात चालू असलेल्या शीट्समध्येही गुणाकार सापडतो. नवीन प्रोसेसला गेलात की हा सेल सर्वात आधी उघडून बघा.

त्याच वेळी श्रिंकेजचा आकडा कुठून आला हेही विचारा. बऱ्याचदा तो क्लायंटबरोबर करार झाला तेव्हाचा असतो आणि बारा महिने एकच. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी मध्यवर्ती रस्ते बंद असतात. पालख्या शहरात असतात तेव्हाही कॅबचे मार्ग बदलतात. दिवाळीत अर्धा फ्लोअर गावी जायला बघतो. हे दिवस वर्षभर आधी पंचांगात दिसतात. मग त्या आठवड्याला वेगळी श्रिंकेज धरण्यात अवघड काय आहे? फोरकास्टमध्येही असंच. मागच्या सहा आठवड्यांचे सोमवार काढून सरासरी धरणं ही फक्त सुरुवात. विम्याच्या प्रोसेसला मार्चमध्ये करबचतीसाठी प्रीमियमच्या पावत्या मागणारे फोन वाढतात. मार्केटिंगने एका सकाळी लाखो एसएमएस सोडले तर अकरा वाजता तुमचा क्यू भरतो. त्या टीमचं कॅलेंडर मागून घ्या. कुठलंही मॉडेल हे आपणहून ओळखणार नाही.

ऑप्टिमायझेशन म्हणजे काय, हे मला एका विम्याच्याच प्रोसेसमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसलं. दुपारी एक ते दोन क्यू रोज लाल, म्हणजे टार्गेट चुकलेलं. वरून निर्णय जवळजवळ झालाच होता की माणसं वाढवायची. आम्ही इंटरव्हल रिपोर्ट, म्हणजे दिवसाचा तुकड्या-तुकड्याचा हिशोब, काढला. एक वाजता येणारे कॉल अकराच्या कॉलपेक्षा कमीच होते, पण लॉगिन असलेली माणसं निम्म्यावर यायची. सॉफ्टवेअरने जेवणाच्या वेळा पंधरा-पंधरा मिनिटांनी छान पसरवून दिलेल्या होत्या. त्या कुणीच पाळत नव्हतं. टीएल, म्हणजे टीम लीडर, रोज अॅडहिअरन्सवरून, म्हणजे ठरलेल्या वेळा न पाळण्यावरून, ओरडायचे, मुलं रोज एकलाच उठायची.

खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसल्यावर कारण कळलं. गरम जेवण एक वाजताच यायचं. आणि मुलं डबे एकत्र उघडायची. चारपाच जणांचा एक गट, एकाची भाजी, दुसरीची चटणी. सॉफ्टवेअरने त्या गटातल्या प्रत्येकाला वेगळ्या वेळी जेवायला पाठवलं होतं. एकट्याने जेवायला कुणाला आवडतं? आम्ही गट तसेच ठेवले आणि गटांच्या वेळा पसरवल्या, सव्वाबारापासून सव्वादोनपर्यंत. कॅन्टीनवाल्याला बारापासून वाढायला सांगितलं, तो आनंदाने तयार झाला. कोण कुणाबरोबर जेवतं ही यादी टीएलनी एका दुपारी करून दिली. लाल गेलं, एकही भरती झाली नाही. शेड्युलरने महिन्यातून एकदा तरी फ्लोअरवर आणि कॅन्टीनमध्ये बसावं असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळे.

दुसरी मोठी बचत क्यू एकत्र करण्यात असते. वरच्यासारखे दोन क्यू आहेत, एक मराठी आणि एक हिंदी, प्रत्येकी 100 कॉल. वेगवेगळे ठेवले तर 14 आणि 14, एकूण 28 माणसं. दोन्ही भाषा बोलणारी माणसं एकाच क्यूवर घेतली तर 24 जणांत 80/20 जमतं. चार माणसं सुटली, आणि ती कमी करण्यापेक्षा ट्रेनिंगला आणि सुट्ट्यांना वापरली तर पुढच्या वर्षीचं अॅट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, खाली येतं. एक सावधगिरी: 24 जणांत प्रत्येकजण 83 टक्के वेळ कॉलवर असतो, 14 च्या गटात तो 71 टक्के होता. ही ऑक्युपन्सी 85 च्या वर दिवसेंदिवस ठेवली की माणसं थकतात, एएचटी वाढतो, मग आजारपणाच्या रजा वाढतात. शीटवर दिसलेली बचत दोन महिन्यांत दुसऱ्या दाराने बाहेर जाते. प्लॅन मांडताना सर्व्हिस लेव्हलच्या शेजारी ऑक्युपन्सीचा कॉलम ठेवाच, क्लायंटने मागितला नसला तरी.

अमेरिकन किंवा ब्रिटिश प्रोसेसमध्ये असाल तर घड्याळाचं एक काम पाठ करून ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेपाच. ब्रिटनचे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दोन्हीकडचं काम एकाच फ्लोअरवर असेल तर मधल्या दिवसांत शिफ्टचा मेळ बदललेला असतो. रोस्टर बदलणं सोपं आहे. कॅबचं रूटिंग, कॅन्टीन, सिक्युरिटी, आणि साडेपाचला मुलाला पाळणाघरातून आणणारी ती एजंट, या सगळ्यांना तीन आठवडे आधी कळवायला हवं.

रोस्टरला कायद्याचीही चौकट आहे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 लागू होतो. रात्रीच्या शिफ्टसाठी महिलांची संमती, सुरक्षितता आणि वाहतूक, ओव्हरटाइमला दुप्पट दर, या गोष्टी शेड्युलरला माहीत हव्यात. तासांच्या मर्यादांमध्ये दुरुस्त्या होत असतात, म्हणून एचआरकडून ताजी प्रत घ्या आणि ते नियम सॉफ्टवेअरमध्ये टाका. एकदा टाकले की घाईच्या वेळी कुणी वाकवू शकत नाही.

अॅडहिअरन्स आणि कन्फॉर्मन्स यांतला फरकही लवकर समजून घ्या. एखादा तासभर उशिरा आला आणि तासभर जास्त थांबला तर त्याचे तास पूर्ण, कन्फॉर्मन्स 100 टक्के. पण क्यूला तो हवा होता सकाळी, म्हणून अॅडहिअरन्स कमी. दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवले की टीएलशी होणारी निम्मी भांडणं संपतात.

तयारीसाठी महागडा कोर्स लागत नाही. एक्सेलमध्ये पिव्होट, समइफ्स आणि एक्सलुकअप पक्कं करा, नंतर एसक्यूएल आणि पॉवर बीआय. आणि एर्लांग सी, म्हणजे वरचे आकडे देणारं सूत्र, स्वतः बांधा. त्याला मॅक्रो लागत नाही, एक्सेलचं पॉयसन फंक्शन पुरतं. माणसं एन आणि काम ए धरा (वरच्या उदाहरणात 14 आणि 10). ए सरासरी असताना नेमके एन कॉल असण्याची शक्यता काढा. एन वजा एकपर्यंतची एकत्रित शक्यता काढून तिला 1 − (ए ÷ एन) याने गुणा. पहिली संख्या भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे कॉलला थांबावं लागण्याची शक्यता. 14 आणि 10 टाकून 0.174 आलं तर शीट बरोबर आहे. यात थांबणारा माणूस फोन ठेवून देत नाही असं धरलेलं असतं, त्यामुळे गर्दीच्या वेळी उत्तर थोडं जास्त माणसं मागतं, हेही लक्षात असू द्या. ही शीट लॅपटॉपवर घेऊन मुलाखतीला जा, आणि श्रिंकेजचा कॉलम भागाकाराने भरलेला ठेवा.