आधी दुसऱ्या डोसाची तारीख: फिजीच्या गावात खरजेची फेरी लावताना

अख्ख्या गावाला खरजेचं औषध द्यायचं ठरलं की नोंदवहीत पहिली ओळ दुसऱ्या डोसाच्या तारखेची लिहा. आयव्हरमेक्टिन या गोळीने खरजेचे किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती तीन-चार दिवसांत फुटतात. म्हणून ७ ते १४ दिवसांत पुन्हा त्याच गावात जावं लागतं. फिजी म्हणजे तीनशेहून जास्त बेटं, आणि नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा हंगाम. होडी आणि तेल दोन्ही खेपांचं आधीच ठरलेलं नसेल, तर पहिली खेपही काढू नका.

त्याआधी पाहणी. दर शंभरांत दहा किंवा जास्त लोकांना खरूज असेल तरच सरसकट औषध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची चौकट सांगते. फिजीत २००७ च्या देशव्यापी पाहणीत हे प्रमाण २३.६ टक्के होतं. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपर, आणि तान्ह्या बाळांचे तळवे-तळपाय बघायचेच. खाजवून झालेले पूचे फोड वेगळे नोंदवा. त्या जंतूंतून पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

गोळ्यांचा हिशेब वजनावर, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. गोळी ३ मिलिग्रॅमची असेल तर १५ ते २४ किलोला एक, २५ ते ३५ ला दोन, ३६ ते ५० ला तीन, ५१ ते ६५ ला चार, ६६ ते ७९ ला पाच. इथली मोठी माणसं अंगाने भरदार असतात, तेव्हा चारच्या सरासरीवर विसंबू नका. ३०० वस्तीला दोन्ही डोस मिळून साधारण २,००० गोळ्या जवळ असाव्यात. वजनकाटा सपाट फळीवर ठेवा. चटईवर तो खोटं बोलतो. गोळी समोर गिळायला लावा. घरी नेलेली गोळी पुष्कळदा डब्यातच राहते.

फेरी फसते ती गोळी न चालणाऱ्यांपायी. १५ किलोखालची मुलं, गरोदर बायका, आठवड्याच्या आतल्या बाळंतिणी यांना ५ टक्के परमेथ्रिन मलम, मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम. दोन महिन्यांखालच्या बाळाला गंधकाचं मलम. मलम खाजेच्या जागी नव्हे, मानेपासून पायाच्या नखांपर्यंत लावायचं, लहानग्यांना डोक्यालाही, ८ ते १४ तास. हात धुतले की हातांना पुन्हा. दमट उकाड्यात हे कोण नीट करणार? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फिजीतल्या चाचणीत वर्षभरानंतर परमेथ्रिनच्या गटात प्रमाण ४१.७ वरून १५.८ टक्क्यांवर आलं, आयव्हरमेक्टिनच्या गटात ३२.१ वरून १.९ वर. फरकाचं बरंचसं कारण अंगाला चिकटणाऱ्या मलमातच असावं, असं आमचं मत. तरीही ते वगळता येत नाही, कारण सुटलेलं बाळ घरभर कडेवर फिरतं.

तुरांगा-नी-कोरोला, म्हणजे गावाच्या मुखियाला, आठवडाभर आधी भेटून घरनिहाय यादी करा. वसतिगृहात शिकणारी मुलं आणि आलेले पाहुणे त्यातच. गैरहजर माणसासमोर परतीचा दिवस लिहा.

अंगावर जाड पापुद्रे धरलेला कुणी आढळला तर त्याला फेरीच्या भरवशावर सोडू नका. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, इथे हजारोंनी. त्याला जास्त डोस आणि डॉक्टर लागतात. त्याचे कपडे-अंथरुण गरम पाण्यात धुवा किंवा पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. इतर घरांत फवारणीवर पैसे घालवू नका.

औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, हे गोळी देतानाच सांगा. न सांगितल्यास ‘औषध लागू पडलं नाही’ ही बातमी तुमच्या होडीआधी पुढच्या गावात पोचते.

हीच योजना मध्य आफ्रिकेत नेणाऱ्यांनी लोआ लोआ जंतांची तपासणी आधी करावी. तो जंत रक्तात खूप असलेल्या माणसाच्या मेंदूवर आयव्हरमेक्टिनचा घातक परिणाम होऊ शकतो. फिजीत ती अडचण नाही. फिजीत दरवर्षी एक, अशा तीन ते पाच फेऱ्यांचा खर्च धरा आणि प्रमाण दोन टक्क्यांखाली आल्यावरच थांबा.