कपडे आणि अंथरूण-पांघरूण किती दिवसांनी धुवावे? या चुका टाळा

कपडा मळलेला दिसला की धुवायचा, हा हिशेब आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यात काही चुकत असेल, असे सहसा वाटत नाही. डोळ्यांना धूळ आणि डाग दिसतात; घाम, त्वचेवरचे तेल आणि त्वचेचा गळून पडलेला बारीक कोंडा मात्र दिसत नाही. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरचे आणि कपड्यातले जीवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा वास सुटतो. म्हणून कपडा अंगाला किती चिकटून होता आणि किती वेळ ओला राहिला, या दोन गोष्टींवरून धुण्याचा दिवस ठरवणे मला सर्वांत योग्य वाटते.

या हिशेबाने आतले कपडे, मोजे आणि व्यायामाचे कपडे एकदा घातले की धुवायलाच हवेत. पॉलिस्टरचे कपडे सुतीपेक्षा वास अधिक धरून ठेवतात, त्यामुळे ते घामेजलेल्या अवस्थेत टोपलीच्या तळाशी दोन-दोन दिवस पडू देऊ नयेत. याउलट जीन्स, जाकीट किंवा आत दुसरा कपडा घालून वर चढवलेला स्वेटर दर वेळी धुणे ही तितकीच मोठी चूक आहे. धुलाई यंत्राच्या जाळीत साचलेला करडा लगदा एकदा बोटांनी उलगडून पाहावा. तो बाहेरून आलेला कचरा नसून बराचसा आपल्याच कपड्यांचे झिजलेले तंतू असतो. असे कपडे घरी आल्यावर वाऱ्यावर टांगावेत, डाग तेवढाच ओल्या फडक्याने पुसावा आणि पाच-सहा वेळा घातल्यावर धुवावेत.

चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा बदलावेत. अंथरुणात साचणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर धूळकिडे जगतात आणि त्यांच्या विष्ठेमुळे अनेकांना शिंका, दमा किंवा खाज यांचा त्रास होतो. थंड पाण्याने त्यातला बराच अंश निघून जातो, पण किडे मरण्यासाठी पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापलेले लागते, म्हणून घरात कुणाला असा त्रास असेल तर सोसेल त्या कापडासाठी गरम पाणीच वापरावे. अभ्रे नियमित बदलणारी माणसेही आतली उशी वर्षानुवर्षे धुवत नाहीत, ही चूक फार सरसकट आढळते. खोळीवरच्या पट्टीवर परवानगी असेल तर उशी तीन ते सहा महिन्यांनी धुवावी आणि आतला भराव पूर्ण सुकल्याची खात्री झाल्याशिवाय तिला अभ्रा घालू नये.

सर्वाधिक तक्रारी असतात त्या टॉवेलच्या. घडी करून ठेवलेल्या टॉवेलला काहीच वास येत नाही, पण ओल्या तोंडावर टेकवताक्षणी कुबट दर्प नाकात शिरतो. हा टॉवेल धुतलेला असला, तरी स्वच्छ झालेला नसतो. त्याच्या धाग्यांत साबणाचा आणि त्वचेच्या तेलाचा थर उरलेला असतो, त्यात जीवाणू तग धरून असतात आणि ओल मिळताच पुन्हा वाढू लागतात. अशा वेळी अधिक पावडर किंवा सुगंधी सॉफ्टनर ओतला जातो आणि दुखणे वाढते, कारण सॉफ्टनर धाग्यांवर स्निग्ध लेप चढवतो, त्यामुळे टॉवेल मऊ लागला तरी पाणी कमी शोषतो. अंदाज घ्यायचा असेल, तर धुतलेला टॉवेल साबण न घालता कोमट पाण्याच्या बादलीत चोळून पाहावा. पाण्यावर फेस आला, तर आधीचा साबण निघालेलाच नाही. असे टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात, नेहमीपेक्षा कमी पावडरीत आणि सॉफ्टनरशिवाय धुवावेत, साध्या पाण्यातून एकदा जास्त काढावेत आणि लगेच पसरून वाळत घालावेत. एकाच धुण्यात वास गेला नाही, तर पुन्हा तसेच करावे. पुढे तीन-चार वापरांनंतर टॉवेल धुवावा आणि मधल्या काळात तो खुंटीवर गोळा करून न अडकवता दांडीवर पूर्ण उलगडून टाकावा. स्वयंपाकघरातील फडके मात्र रोज बदलावे आणि न्हाणीघरातले पायपुसणे आठवड्यातून एकदा धुवावे.

यंत्र ठासून भरले की कपड्यांना हलायला जागा राहत नाही, मळ सुटत नाही आणि साबणही अडकून राहतो. वर एक वीत मोकळी जागा असावी. धुणे संपल्यावर ओले कपडे तासन्‌तास आत राहिले, तर ते कुबटतात आणि पुन्हा धुवावे लागतात. यंत्रालाच वास येत असेल, तर दारावरच्या रबराच्या घडीत साचलेली चिकट घाण पुसावी, महिन्यातून एकदा यंत्र रिकामे असताना कडकडीत पाण्याने चालवावे आणि एरवी झाकण उघडे ठेवावे.

गरम पाणी प्रत्येक डागावर चालत नाही. रक्त आणि अंडे यांतली प्रथिने उष्णतेने घट्ट बसतात, त्यामुळे असे डाग आधी थंड पाण्यातच भिजवावेत. डाग काढणारी विकरे (एन्झाइम) असलेल्या पावडरी लोकर आणि रेशीम यांच्यावर वापरू नयेत. ते तंतूही प्रथिनांचेच असल्याने हळूहळू कमकुवत होतात. क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले द्रव्य कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

एकदाच घातलेला लोकरी कपडा स्वच्छ दिसतो म्हणून तसाच कपाटात ठेवून देणे, ही हंगाम संपतानाची नेहमीची चूक. कसर लोकर आणि रेशीम खाते, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेली जागा तिला विशेष आवडते. महिनोन्‌महिने ठेवायचे कपडे म्हणूनच धुऊन, शिवणीपर्यंत कोरडे करून, मगच घडी घालावेत.