सुरतेत राहून खानदेशात दुसरं घर घेताना: सौद्याआधी फेरफार वाचा

उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत राहणाऱ्या आपल्या खानदेशी माणसाला सुरतेत एक घर घेतानाच दम लागतो. दुसरं घर घ्यायचं म्हटलं की नजर तापी लाइनवरून पूर्वेला जाते: नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. आखाजीला, कानबाईला, लग्नसराईत उतरायला हक्काची जागा होते, आई-वडिलांनाही आपल्या माणसांत राहता येतं. विचार चांगलाच आहे. नात्यागोत्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांच्या अशा खरेदीत मी कागद तपासायला सोबत गेलो आहे, आणि दर वेळी तोच सल्ला कानावर येतो: "आधी भाव पाडून घे, इसार देऊन टाक, कागद नंतर बघू." हा सल्ला देणाऱ्याला पुढे कोर्टाच्या तारखा कराव्या लागत नाहीत, घेणाऱ्याला लागतात. भाव सगळ्यात शेवटी ठरवायचा.

गाव निवडणं

स्टेशनपासून रिक्षाने पोचता येईल असं गाव घ्या. महामार्गालगतचा स्वस्त प्लॉट गाडी असेपर्यंत बरा वाटतो, पण म्हातारपणी रेल्वेच कामाला येते.

काय घ्यायचं

मंजूर ले-आउटमधला बिनशेती (एनए) प्लॉट किंवा रो हाऊस घ्या. स्वतःच्या गावात, भाऊबंदांत राहायचं असेल तर गावठाणातलं जुनं घर घ्या, पण स्वामित्व योजनेत त्याचं मालमत्ता पत्रक निघालंय का ते बघा. फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर व्यवहार करू नका. तो उतारा घरपट्टीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही, आणि त्यावर बँक कर्जालाही सहज हो म्हणत नाही.

शेताचे गुंठे पाडून विकलेला तुकडा अजिबात घेऊ नका. शेतजमीन घ्यायला 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे तुम्ही शेतकरी असावे लागता. त्यात 1947 चा तुकडेबंदी कायदा आड येतो. त्यात वेळोवेळी सवलती निघतात, पण उद्या सवलत निघेल या भरवशावर आज पैसे गुंतवायचे नसतात. "एनए प्रस्तावित आहे" असं म्हणणाऱ्याकडे आदेशाचा क्रमांक, तारीख आणि नगर रचना विभागाने मंजूर केलेला नकाशा मागा. हे नसेल तर तो प्लॉट अजून शेतच आहे असं समजा. ले-आउट नवा असेल आणि जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही मागा.

सातबारा आणि त्यामागचे फेरफार

खरं काम इथे आहे. सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा, आणि फेरफार म्हणजे त्यावरच्या प्रत्येक बदलाची नोंद. हे मला कुणी नीट शिकवलं नाही. वकिलाचा शोध अहवाल (जुन्या नोंदींवरून मालकी तपासलेला) हातात असूनही त्यात काय राहून गेलंय ते कळत नव्हतं, आणि ते कळायला फार दिवस गेले. म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

1960 पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. त्यामुळे सातबारा दोन्हीकडे आहे, आणि सुरतेत राहणाऱ्याला वाटतं की हा कागद आपल्या ओळखीचा आहे. ओळखीचा आहेच, पण 1960 नंतर दोन्ही राज्यांनी आपापले कायदे केले. गुजरातेत आदिवासी जमिनीसाठी तिथल्या जमीन महसूल कायद्याचं कलम 73 एए आहे, महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचं कलम 36 आणि 36 अ आहे. सुरतेच्या ओळखीच्या वकिलाकडून इथले कागद तपासून घेऊ नका. नंदुरबार किंवा धुळ्याच्या कोर्टात जमिनीचेच दावे चालवणारा वकील घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला वकील तर नकोच.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. तो काढा आणि मालकाचं नाव वाचण्याआधी वर "भू-धारणा पद्धती" काय लिहिलीय ते बघा. भोगवटादार वर्ग 1 असेल तर पुढे जा. वर्ग 2 असेल तर ती जमीन सरकारच्या अटींवर दिलेली आहे आणि विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्या भागात धरणग्रस्तांना दिलेल्या जमिनी आहेत, त्यातल्या पुष्कळ याच वर्गात येतात. परवानगीचा आदेश दाखवत असतील तर त्यातल्या अटी शेवटपर्यंत वाचा.

मग उजवीकडचा "इतर अधिकार" हा रकाना बघा. बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. तो फेडून कमी करून घेता येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. "कुळ कायदा कलम 43 ला पात्र" असा शेरा असेल तर कुळाला खरेदी प्रमाणपत्र मिळून 10 वर्षं झालीत का आणि शेतसाऱ्याच्या 40 पट रक्कम भरली आहे का, ते चलनावर बघा. पुनर्वसनाचा शेरा असेल तर तो रीतसर उठेपर्यंत थांबा. "उठतोय, फाइल वर गेली आहे" हे उत्तर वर्षानुवर्षं तेच असतं.

आता ज्याकडे लोक बघतच नाहीत ती गोष्ट. सातबाऱ्यावर "जुने फेरफार क्र." अशी एक चौकट असते आणि तिच्यात कंसात नुसते आकडे असतात, एकाला एक चिकटून, बारीक अक्षरात. त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे त्या जमिनीची एकेक घटना: कुणी विकली, कुणी वारस लागला, कुणाचं नाव कमी झालं. प्रत्येक आकड्याची फेरफार नोंद, म्हणजे नमुना 6 ची प्रत, मागवा. काही ऑनलाइन मिळतात, जुन्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घेऊन काढाव्या लागतात. जुनी नोंद कधी मोडीसारख्या घसटत्या अक्षरात असते, पण गावातले जुने जाणते ती वाचून देतात.

शोध अहवाल साधारण 30 वर्षांचा करतात आणि बहुतेक जण तो पुरेसा मानतात. नंदुरबार जिल्ह्यात, शिवाय साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या आदिवासी पट्ट्यात तो पुरेसा नाही, हे मी ठामपणे सांगतो. 6 जुलै 1974 पासून कलम 36 अ लागू आहे. त्याखाली आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची असेल तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी 1974 चा वेगळा कायदा आहे. म्हणून मी साखळी 1957 पर्यंत मागे नेतो. 30 वर्षांवर थांबलेला अहवाल नेमका त्या धोक्याच्या अलीकडे संपतो.

36 अ फक्त अनुसूचित क्षेत्रापुरतं आहे असंही लोक सांगतात. तसं नाही, आदिवासी खातेदाराची जमीन राज्यात कुठेही असो, ते लागू होतं. प्लॉट आज बिनशेती झालेला आहे, त्यावर बंगला उभा आहे, मधे चार मालक होऊन गेले, यातल्या कशानेही मूळचा दोष जात नाही. जुन्या फेरफारात वसावे, पाडवी, वळवी, गावित अशी नावं दिसली तर तिथे थांबून चौकशी करा. आडनावावरून फक्त अंदाज येतो, खात्री कागदावरूनच करायची. त्या नावावरून जमीन दुसऱ्याकडे गेली त्या फेरफारात परवानगीच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा आणि तो आदेश मागवा. तो मिळाला नाही तर भाव कितीही कमी असो, सौदा सोडा. घेणारे तुम्ही स्वतः आदिवासी असाल तर 36 अ लागू होत नाही, पण आदिवासी खातेदाराकडून घेताना कलम 36 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागतेच.

या कायद्याला "कटकट" म्हणणारे दलाल भेटतात, ते मला पटत नाही. या पट्ट्यात सावकारीत आणि अंगठ्यांवर जमिनी गेल्या आहेत, आणि त्या माणसांचे नातू आजही त्याच गावात मजुरी करतात. परवानगी न घेता झालेल्या व्यवहारावर आपलं घर उभं करू नये, मग त्यात कायद्याची भीती असो वा नसो.

दुसरी गाठ वारसांची. वारस फेरफार वाचून गावात जा आणि पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, "यांना बहिणी किती?" कागदावर तीन भाऊ असतात आणि गाव सांगतं की दोन बहिणी अमळनेरला आणि पारोळ्याला दिल्या आहेत. विकणारा म्हणतो, "सर्व क्लिअर शे, भाऊ, बहिणी काही मांगतंस नई." आज मागत नसतील, पण हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो जन्माने आहे, वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बहिणी खरेदीखतावर सही करायला आल्या पाहिजेत, नाहीतर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिजे. 500 च्या स्टॅम्पवर नोटरीसमोर लिहून घेतलेली संमती इथे कामाची नाही. मी तर बहिणींशी स्वतः बोलतो. त्यांना सही कशावर करायची आहे ते कळलं पाहिजे आणि वाटा मिळायचा असेल तर तो त्यांच्या खात्यात गेला पाहिजे.

तिसरी, कुलमुखत्यारपत्र. मालक दुसरीकडे आहे आणि विकणारा मुखत्यारपत्रावर विकतोय, असं असेल तर मालकाला समोर आणायला सांगा. मालक वारला असेल तर सहसा मुखत्यारपत्रही त्याच दिवशी संपलं. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर (पुढे विकण्याच्या करारावर) मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे.

मोजणी

विकणाऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करायला लावा आणि "क" प्रत (मोजणीचा नकाशा) मिळेपर्यंत थांबा. ले-आउटमधला प्लॉट असेल तर मंजूर नकाशा हातात धरून ओपन स्पेस आणि रस्ता जागेवर आहेत का ते चालून बघा. ओपन स्पेसवरच पाडलेले प्लॉट विकलेले मी पाहिले आहेत.

इसार, मुद्रांक, नोंदणी

आता भाव करा. इसार चेकने किंवा बँकेतूनच द्या. मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, त्यामुळे रोखीचा आग्रह धरणाऱ्याला हा नियम सांगा. साठेखत करायचं असेल तर तेही नोंदवा.

सुरतेत जंत्री बघायची सवय असते, इथे रेडी रेकनर (सरकारी दरतक्ता) बघा. मुद्रांक शुल्क महापालिका, नगरपरिषद की ग्रामपंचायत यावरून बदलतं. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. गुजरातेत घर बाईच्या नावावर घेतलं की नोंदणी फी माफ होते. महाराष्ट्रात नोंदणी फी भरावीच लागते, पण मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, तीही राहत्या घराला, नुसत्या प्लॉटला नाही. घर बायकोच्या नावावर घेणार असाल तर हा हिशेब आधी करा.

कर्ज घेत असाल तर बँकेच्या इथल्या शाखेतून घ्या. आयकरात दोन घरं स्वतःच्या वापरातली म्हणून दाखवता येतात, त्यामुळे या घराच्या काल्पनिक भाड्याची चिंता नको.

खरेदीनंतर

सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2, नोंदवलेल्या खरेदीचा उतारा) घेऊन ठेवा. फेरफाराची नोटीस निघून हरकतीचे 15 दिवस संपले की नोंद मंजूर झाली का ते स्वतः बघा, आपोआप होईल असं समजून सुरतेला निघून जाऊ नका. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव लागेपर्यंत काम संपलेलं नाही. घरपट्टी आणि महावितरणचं मीटर याच फेरीत नावावर करा.

नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते शेजाऱ्यांना विचारून त्या मानाने जमिनीखालची टाकी बांधा, गच्चीवरच्या टाकीवर भागत नाही. घर महिनोन् महिने बंद राहणार, म्हणून पायाच्या वेळीच वाळवीचं औषध मारून घ्या. पाया भरल्यावर ते काम अर्धंच होतं.

आणि घर भाड्याने द्यायचं झालं तर सुरतेसारखा 11 महिन्यांचा नोटरी करार इथे करू नका. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची आहे.