साहित्यप्रकार आणि शब्दघटकांची उजळणी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरात मराठी माध्यमातून दहावीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी व्याख्यांच्या पाठांतराऐवजी खुणा शोधण्याची सवय लावावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्या लिहून घेऊन यमक कोठे जुळते ते पाहावे. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण सामान्यतः सयमक असतात आणि चौथा आखूड असतो. मोठ्या अभंगात मात्र अक्षरे ६, ६, ६, ४ अशी येतात व यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत साधते. भुजंगप्रयात हे १२ अक्षरांचे वृत्त असून त्यात ‘य’ गण (लघु-गुरू-गुरू असा तीन अक्षरांचा गट) चार वेळा येतो, हे लघु-गुरू मांडून स्वतः पडताळावे.

कथा, कादंबरी व नाटक यांतील फरक बहुतेकांना ठाऊक असतो. त्यावर फार वेळ घालवू नये.

शब्द सोडवताना ‘बेजबाबदारी’मधून आधी ‘बे’ हा उपसर्ग, मग ‘ई’ आणि ‘दार’ हे प्रत्यय वेगळे करावेत. उरलेला ‘जबाब’ स्वतंत्रपणे अर्थपूर्ण ठरतो. ‘बेळगाव’मधील ‘बे’ या कसोटीस उतरत नाही.